घोड्याचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं

पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत हौसेनं घोडा शिकणाऱ्यांची आणि पाळणाऱ्यांची एक नवी पिढी उभी राहिली आहे. पहाटे उठून रायडिंग क्लब गाठणारे आणि तिथून थेट ऑफिसला जाणारे नोकरदार तिच्यात आहेत, शाळकरी मुलं-मुली आहेत, मळ्यात एखादा मारवाडी किंवा काठियावाडी घोडा बांधणारे बागायतदारही आहेत. यांच्यात जो जरा शिस्तीचा असतो तो जानेवारीत वहीत वर्षाची उद्दिष्टं लिहितो. कँटर पक्का करायचा, दिवाळीपर्यंत 90 सेंटिमीटरची उडी घ्यायची, एका तरी स्पर्धेत उतरायचं, एकदा तरी 40 किलोमीटरची राइड पुरी करायची. लिहून ठेवण्याची ही सवय चांगलीच आहे, कारण ज्याला दिशा नाही तो स्वार वर्षभर रिंगणात गोल गोल फिरत राहतो आणि त्याचा घोडा कंटाळतो. पण अशा याद्यांत सगळी क्रियापदं स्वाराची असतात. घोडा त्यात साधन म्हणून येतो. माझं म्हणणं उलट आहे. हौशी स्वाराच्या वर्षाचं वेळापत्रक घोड्याच्या शरीरावरून आखलं पाहिजे. घोडा राखण्याची उद्दिष्टं आधी लिहावीत आणि स्वारीची त्यांतून काढावीत. आणि आपल्या दख्खनच्या हवेत हे वर्ष जानेवारीत नव्हे, दसऱ्याला सुरू होतं.

हे काही नवं शहाणपण नाही. कृष्णाजी अनंत सभासदानं सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचा वार्षिक क्रम नोंदवला आहे. पावसाळ्यात फौजेनं मुलुखात छावणीला यायचं. ती येण्याआधी दाणा, वैरण, औषधं यांची तजवीज झालेली असायची, माणसांसाठी आणि घोड्यांसाठी गवतानं शाकारलेले निवारे तयार असायचे. दसरा झाला की कूच, आणि मग आठ महिने मुलूखगिरी. राज्याचा सगळा लष्करी हिशेब घोड्याच्या विश्रांतीभोवती बेतलेला होता. चिपळूण भागातल्या छावणीच्या अधिकाऱ्यांना पावसाळ्याच्या तोंडावर महाराजांनी पाठवलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. रयतेला तोशीस लागू नये ही त्यातली ताकीद आपण सभांमधून नेहमी ऐकतो. पण ती ताकीद येते कुठून ते पाहिलं पाहिजे. पत्राचा पाया वैरणीचा हिशेब आहे. जवळचा दाणा-गवत आत्ताच हाताला येईल तसा उधळलात तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, आणि मग तुमचे लोक कुणब्यांच्या दारात जाऊन ओरबाडू लागतील. गवताच्या गंजीजवळ चूल नको, दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेतो आणि पागा पेटते, इथपर्यंतचा तपशील त्या पत्रात आहे. राज्य उभं करणारा माणूस उंदरानं नेलेल्या वातीचा विचार करतो. घोडा राखण्याचं नियोजन किती खोलवर जातं याचा याहून चांगला दाखला आपल्या भाषेत मला ठाऊक नाही.

या क्रमामागची कारणं आजही तशीच आहेत, कारण पाऊस आणि माती बदललेली नाही. दसऱ्याच्या सुमारास जमीन ओल सोडू लागते, चिखल आटतो पण माती दगडासारखी कडक झालेली नसते. माळावरचं गवत पिकतं आणि कार्तिकात कापून वाळवलं जातं, म्हणजे वर्षाची वैरण घ्यायची ती याच दिवसांत. ऑक्टोबरची काहिली सरली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा कामाचा सर्वांत उत्तम काळ. आपल्या जुन्या घोडेबाजारांचं पंचांगही याच दिवसांत बसतं: अकलूजचा बाजार दिवाळीच्या सुमारास, तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची मार्गशीर्षात. एप्रिल-मे महिन्यांत घोड्याचं अंग थंड ठेवणं हेच मोठं काम होऊन बसतं. जूननंतर चिखल, माशा आणि ओले खूर. जानेवारीत संकल्प सोडणारा स्वार हंगामाचा निम्मा भाग वाया घालवून सुरुवात करतो, फेब्रुवारीत उत्साहाच्या भरात काम वाढवतो, आणि घोडा तयार व्हायला लागतो तेव्हा उन्हाळा दारात उभा असतो.

पण तारीख ही या गोष्टीची वरची बाजू झाली. खरा मुद्दा घोड्याच्या शरीरातल्या वेगवेगळ्या घड्याळांचा आहे. नियमित काम मिळालं की घोड्याचा दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायू भरायला काही महिने लागतात. कंडरा, अस्थिबंध आणि हाडं यांना मात्र सर्वांत जास्त वेळ हवा असतो, सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली हात लावून पाहावा. तिथे मांस नाही. पुढे नळीचं हाड, मागे दोरासारख्या ताठ कंडरा, त्यांवर ताणलेली कातडी, बस्स. चारशे किलोंचं धूड उडी मारून उतरतं तेव्हा क्षणभर त्या दोरांवर लोंबकळतं. त्या भागाला रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून तो उशिरा बळावतो आणि दुखावला तर भरून यायला बहुधा सहा महिने ते वर्ष घेतो. तिसऱ्या महिन्यात घोडा दमत नाही, पुढे खेचतो, आणखी धावायला मागतो, तेव्हा स्वाराला वाटतं की तयारी झाली. तयारी फुप्फुसांची झालेली असते, पायांची नाही. हौशी घोड्यांच्या पुष्कळशा दुखापती या मधल्या फटीत होतात. म्हणून 90 सेंटिमीटरची उडी हे उद्दिष्ट लिहायचंच असेल तर तिथून मागे मोजत यावं. आधी निदान दोन महिने चालणं आणि दुडकी, चढ-उतारावर, सरळ रेषेत. मग हळूहळू कँटर, मग जमिनीवर ठेवलेले बांबू, मग लहान उड्या. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास मितन्नीच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकानं मातीच्या पाट्यांवर रथाच्या घोड्यांच्या तयारीचा दिवसागणिक कार्यक्रम लिहून ठेवला. तो सहा-सात महिन्यांचा आहे. ज्याच्या मागे राजाची घाई होती त्यालाही तेवढा वेळ घ्यावा लागला.

आपल्याकडे ही गोष्ट जास्तच महत्त्वाची, कारण क्लबांतले कितीतरी घोडे रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आलेले थरोब्रेड असतात. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर, आणि प्रत्येक हंगामाअखेरीस चार-सहा वर्षांची तरणी जनावरं तुलनेनं स्वस्तात बाहेर येतात. देखणा, वेगवान, उंच घोडा हाती लागल्याच्या आनंदात नवा मालक लगेच शर्यतीनंतरच्या आयुष्याची स्वप्नं रंगवतो. पण या घोड्यानं दुसऱ्या वर्षापासून धावणं पाहिलेलं असतं. पोट दाण्यावर वाढलेलं, दिवसाचा बहुतेक वेळ तबेल्यात, लगाम ताणला की थांबायच्या ऐवजी रेटा देण्याची शिकवण. अशा घोड्याचं पहिलं वर्ष म्हणजे उतरणीचं वर्ष. दाणा कमी, गवत जास्त, मोकळ्यात सोडणं, सैल लगामावर चालायला शिकवणं. पहिल्या वर्षी या घोड्यावर उडीचं उद्दिष्ट लिहूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्पर्धेत न उतरता गेलेलं ते वर्ष पुढच्या दहा वर्षांची कमाई असते.

वर्षाचा हिशेब कुठे तपासायचा असा प्रश्न असेल तर खूर पाहावा. निरोगी घोड्याच्या खुराची भिंत महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते, वरच्या केसाळ कडेपासून खाली. पुढच्या टोकाशी वरून जमिनीपर्यंत यायला तिला नऊ महिने ते वर्ष लागतं. म्हणजे या दसऱ्याला जो खूर जमिनीला टेकतो तो गेल्या दसऱ्याच्या आसपास वर उगवलेला असतो, आणि मधलं सगळं वर्ष त्याच्यावर आडव्या रेघांत उमटलेलं असतं. ताप येऊन गेला, चारा अचानक बदलला, दाणा एकदम वाढला, की खुरावर कडा उठते. ती महिन्याच्या वाढीनं खाली सरकत जाते. समांतर, बारीक रेघा असल्या तर वर्ष सरळ गेलं. टाचेकडे रुंद आणि पुढे दाटलेल्या रेघा असतील तर आतल्या दाहाची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना बोलवावं. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायला हवा, म्हणजे वर्षात सात ते नऊ वेळा. हे साधं उद्दिष्ट वहीत पहिल्या ओळीत असावं, कारण नालबंदाची एक फेरी चुकली तरी पुढचा भाग लांबतो, टाचा खाली बसतात आणि तो सगळा ताण पुन्हा त्या मागच्या कंडरांवर येतो. चांगला नालबंद मिळवणं आणि टिकवणं हे महाराष्ट्रात आज घोडा मिळवण्याहून अवघड आहे. त्याची फेरी वर्षभर आधी ठरवून, त्याची मजुरी वेळच्या वेळी देऊन ते काम सोपं होतं.

यावर आक्षेप येईल की हे सगळं मोजता न येणारं आहे. उडीची उंची आकड्यात सांगता येते, राखणीचं काय सांगणार? हा आक्षेप मला पटत नाही, कारण राखणीइतकी मोजण्याजोगी दुसरी बाजू या छंदात नाही. विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते, जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून ती कुणालाही मोजता येते. छातीचा घेर टेपनं दर महिन्याला घेता येतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज निघतो. अंगावरचं मांस जोखायची 1 ते 9 अशी मोजपट्टी अमेरिकेतल्या डॉन हेनेके यांनी 1983 मध्ये मांडली. बरगड्या दिसत नाहीत पण हाताला लागतात, मानेवर चरबीची वळी नाही, अशी 5 च्या आसपासची अवस्था बहुतेक घोड्यांना योग्य. आपल्या बाजारांत मात्र गुबगुबीत, तुकतुकीत घोडा म्हणजे चांगला घोडा अशी समजूत पक्की आहे. विक्रीसाठी चढवलेल्या त्या मांसामुळे पुढे खुरांचे विकार होतात. सारंगखेड्याला हौसेनं घोडा घेणाऱ्यानं पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट 'वजन उतरवणं' असं लिहिलं तर त्यात कमीपणा नाही.

आणि खुद्द स्पर्धेच्या जगातही एक खेळ असा आहे ज्यानं हा विचार नियमातच बसवला आहे. एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्वारीत, रेषा ओलांडली की शर्यत संपत नाही. प्रत्येक टप्प्यावर घोडा डॉक्टरांपुढे उभा करावा लागतो. ठरलेल्या मिनिटांत त्याची नाडी 64 किंवा त्याखाली उतरली पाहिजे, दुडक्या चालीत तो लंगडता कामा नये, हिरड्यांचा रंग, आतड्यांचा आवाज, कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती किती लवकर बसते, सगळं पाहिलं जातं. सर्वांत आधी पोचलेला घोडा या तपासणीत बाद झाला तर तो जिंकलेला नसतो. उत्तम अवस्थेत पोचलेल्या घोड्यालाही वेगळं बक्षीस असतं. स्पर्धेत कधीच न उतरणाऱ्या स्वारानंही हा मापदंड घरी आणावा. 'या वर्षी 40 किलोमीटर' यापेक्षा '20 किलोमीटरनंतर दहा मिनिटांत नाडी 60 च्या खाली' हे उद्दिष्ट जास्त नेमकं आहे, आणि त्यात फसवणुकीला जागा नाही.

शनिवार-रविवारच्या स्वारांचा प्रश्न याहून नाजूक. पाच दिवस घोडा तबेल्यात उभा, दोन दिवस तास-दोन तास रपेट. पूर्वी युरोपात ओझी ओढणारे घोडे रविवारी सुट्टीवर असत, त्यांचा दाणा मात्र चालूच राही, आणि सोमवारी जुंपलं की त्यांचे मांडीचे स्नायू आखडून दगड होत. या आजाराला तिकडे सोमवार सकाळचा आजार म्हणत. आपला नोकरदार स्वार नकळत तीच परिस्थिती शनिवारी उभी करतो. त्याच्या वर्षाचं सर्वांत मोठं उद्दिष्ट मधल्या पाच दिवसांची सोय हे असलं पाहिजे. मोतद्दाराकडून रोज अर्धा-पाऊण तास हातानं चालवणं, शक्य असेल तर मोकळं सोडणं, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी कमी आणि वाळलं गवत जास्त. निसर्गात घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. त्याचं जठर देहाच्या मानानं लहान आणि आम्ल सतत स्रवतं. दोन वेळा तोबरा भरून देणं ही आपली सोय आहे, त्याची नव्हे. आणि जो मोतद्दार हे सगळं करतो त्याचा पगार, त्याचं राहणं, त्याच्या मुलांच्या शाळेची फी या गोष्टी उद्दिष्टांच्या यादीत आल्या नाहीत तर बाकी यादी कागदावरच राहते.

ज्यांच्याकडे स्वतःचा घोडाच नाही, क्लबात तासाचे पैसे भरून जे शिकतात, त्यांना राखणीशी काय देणंघेणं, असंही विचारलं जाईल. माझ्या मते त्यांना तर जास्तच. क्लबाचा घोडा दिवसात पाच-सहा वेगवेगळे स्वार पाठीवर घेतो, त्यांतला प्रत्येक कच्चा स्वार त्याच्या तोंडावर लोंबकळतो आणि पाठीवर आदळतो. अशा स्वाराचं वर्षाचं उद्दिष्ट स्वतःचा तोल हे असावं. लांब दोरीवर घोडा फिरवला जात असताना लगामाविना, रिकिबीविना बसायला शिकणं, हात स्थिर करणं. तासाच्या आधी येऊन स्वतः खरारा करणं, खूर कोरणं, खोगिराखाली आणि तंगाखाली हात फिरवून सूज-जखम पाहणं. क्लबाला विचारणं की आज हा घोडा किती वेळा बाहेर निघाला. हे विचारणारे दहा ग्राहक असले की क्लबाची पद्धत बदलते.

स्वाराच्या वजनाबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. 2008 मध्ये ओहायोत आठ हलक्या अंगाच्या घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के भार ठेवून पाहणी झाली. 25 टक्क्यांपासून नाडी, श्वास आणि दुसऱ्या दिवशीचं स्नायूंचं दुखणं ठळकपणे वाढलं, 30 ला आणखी. पाहणी लहान असली तरी घोडदळांचा जुना अनुभवही 20 टक्क्यांच्या आसपासच येऊन थांबतो. साडेतीनशे किलोंच्या मारवाडी घोड्याला ही मर्यादा 70 किलोंची, आणि त्यात खोगिराचे सात-आठ किलो धरायचे. आपल्या भीमा खोऱ्यातलं भीमथडी तट्टू तर याहून लहान. काटक आहे, धनगरांची बिऱ्हाडं पिढ्यान्‌पिढ्या वाहत आलं आहे, पण म्हणून त्यानं 90 किलोंच्या मालकाला रोज मिरवावं असं होत नाही. स्वतःचं वजन आणि कंबर-पोटाची ताकद हे स्वाराचं घोड्याशिवायचं उद्दिष्ट आहे, आणि पावसाळा त्यासाठीच आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप महत्त्वाकांक्षेचा. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघानं सुवर्णपदक मिळवलं, घोडेस्वारीत 1982 च्या दिल्लीनंतरचं पहिलं. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. त्या पदकानं कितीतरी मुलांच्या मनात स्वप्न पेरलं, आणि अशा वेळी खूर-वैरण-नाडीचं पुराण सांगणं म्हणजे त्यांचे पंख छाटणं नव्हे का? मला हे चित्र पुरतं उलटं दिसतं. तो संघ वर्षानुवर्षं युरोपात राहून तयार झाला, आणि ड्रेसाज ही तर अशी विद्या आहे की तिच्या पायऱ्या ओलांडताच येत नाहीत. आधी लय, मग सैलपणा, मग तोंडाशी हलका संवाद, आणि शेवटी अंग गोळा करणं. अगदी खालच्या पातळीच्या परीक्षेतही लगाम लांब सोडल्यावर घोडा मान खाली ताणून निवांत चालतो का, याला गुण असतात. घाबरलेला किंवा दुखरा घोडा ते करूच शकत नाही. ज्युनिअर गटाचं वय निघून जाईल म्हणून पालकांची घाई होते, ती मी समजू शकतो. पण घाई करायचीच तर ती मुलाच्या शिक्षणात करावी: जास्त तास, जास्त वेगवेगळे घोडे, जास्त चांगला शिक्षक. घोड्याच्या वयाला घाई लावता येत नाही. त्याच्या पाठीच्या कण्यातली वाढीची टोकं पाच-सहा वर्षांच्या आसपास जुळतात.

पावसाळ्याची विश्रांती म्हणजे घोडा चार महिने खुंटाळून ठेवणं असाही अर्थ कोणी काढू नये. अगाडी-पिछाडी बांधून उभ्या घोड्याला पोटशूळ लवकर होतो, ओल्या लिदीत खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो. छावणीतल्या दिवसांची उद्दिष्टं वेगळी, एवढंच. कोरडी जमीन, रोज खूर कोरणं, सर्रासारखे आजार आणणाऱ्या रक्तपिप्या माशांपासून बचाव, दातांची तपासणी, धनुर्वाताची लस, लिदीची तपासणी करूनच जंताचं औषध. उघडीप मिळेल तेव्हा चालणं.

आणि या सगळ्याच्या मुळाशी वैरण. चारशे किलोंचा घोडा वजनाच्या दोन टक्के धरली तर दिवसाला आठ किलो वाळला चारा खातो, म्हणजे वर्षाला जवळजवळ तीन टन. तुडवून, भिजून वाया जाणारा वेगळा. दिवाळीनंतर माळावर गवत कापलं जातं तेव्हा ते स्वस्त असतं आणि पारखून घेता येतं. जून-जुलैत तेच बुरशीचं, दुप्पट भावाचं, मिळेल तसं घ्यावं लागतं. तीन टन गवत कोरडं राहील एवढं छप्पर, जमिनीपासून हातभर वर फळ्या, विजेच्या तारा आणि बिडी-काडी यांपासून दूर अशी जागा, आणि ते एकरकमी घेण्याइतके पैसे बाजूला. ज्याची ही तजवीज या कार्तिकात झाली नसेल त्यानं स्पर्धेच्या फीचे पैसे आधी तिकडे वळवावेत. शिवाय रोजच्या खर्चातून थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत जावी. घोडा पंचवीस वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो, पाठीवर मात्र बहुधा अठरा-वीस वर्षांच्या पुढे घेत नाही. मधली पाच-सात वर्षं तो चरणार, त्याचे खूर वाढत राहणार, नालबंद येत राहणार, आणि त्या वर्षांचा खर्च आज त्याच्यावर बसणाऱ्यानंच भरायचा आहे.